काय बड्डे, राजकारण कोणते?

जबलपूर : जुन्या संसद भवनाच्या सेंट्रल हॉलमध्ये कॉफीच्या पेल्याभोवती दोन्ही बाजूंच्या बाकांवरचे सदस्य एकत्र बसत. ज्येष्ठ पत्रकारांनाही तेथे मुभा असे. अर्ध्या तासापूर्वी सभागृहात एकमेकांवर तुटून पडलेले दोघे तेथे परस्परांच्या प्रकृतीची चौकशी करताना दिसत, तेव्हा नवख्या वार्ताहराला त्यात ढोंग दिसे आणि मुरलेल्याला लोकशाही. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेचे कामकाज नव्या इमारतीत गेले. तेथे लोकसभेचे सभागृह आहे, राज्यसभेचे आहे. सेंट्रल हॉल नाही. बातमी मिळण्याची जागा गेली म्हणून आम्ही हळहळलो. खासदारांची बोलण्याची जागा गेली, याची हळहळ त्या मानाने कमीच ऐकू आली.

या विषयावर लिहावयाचे तर ते दिल्लीतूनच, असे वाटण्याजोगे आहे. परंतु त्याचा खरा उलगडा झाला तो जबलपुरात, माझ्या मामांच्या अंगणात.

मराठी माणसाला हे शहर तसे परके नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले, १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला आणि पुढे मध्य प्रांत झाल्यापासून १९५६ पर्यंत जबलपूरची राजधानी नागपूरच होती. विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटले. १९५६ मध्ये राजधानीचा मान भोपाळला गेला, तेव्हा जबलपूरकरांनी हे बिरुद समाधानापुरते उराशी धरले. उच्च न्यायालय, रेल्वे आणि आयुध निर्माणी यांच्या नोकऱ्यांनी येथे मराठी कुटुंबे आणली आणि रुजवली. येथील माणूस भेटला की ‘काय बड्डे’ म्हणून हाक घालतो. यातला ‘काय’ बुंदेली आहे. पण बदलीवर आलेल्या मराठी कारकुनाला पहिल्याच दिवशी तो आपला वाटतो. ‘बड्डे’ म्हणजे थोरला भाऊ. समोरचा वयाने धाकटा असला तरी बड्डेच.

हिंदी साहित्यवर्तुळात गजानन माधव मुक्तिबोधांचा एक प्रश्न दंतकथेसारखा सांगितला जातो. मराठी घरातला हा हिंदी कवी काही काळ जबलपूरला होता. हरिशंकर परसाईंनी येथून चालवलेल्या ‘वसुधा’ मासिकात त्यांची ‘एक साहित्यिक की डायरी’ प्रसिद्ध होत असे. ती नावाला डायरी. प्रत्यक्षात बराचसा भाग मित्राशी चाललेल्या संभाषणाचाच. हे मुक्तिबोध म्हणे समोरच्याला ‘पार्टनर’ अशी साद घालून त्याचे राजकारण कोणते ते विचारीत. गेली कित्येक वर्षे हा प्रश्न सभासंमेलनांत दरडावणीच्या सुरात उद्धृत होतो. उद्धृत करणारे पहिल्या शब्दाकडे दुर्लक्ष करतात. ज्याला भागीदार मानले आहे, त्यालाच राजकारण विचारण्याचा अधिकार पोहोचतो, असा त्या प्रश्नाचा साधा अर्थ मला दिसतो. हल्ली आपण ‘पार्टनर’ गाळून थेट राजकारण विचारतो. उलट मराठी मंडळांतून, सोसायट्यांतून आणि नातलगांच्या व्हॉट्सअॅप गटांतून ‘येथे राजकारण नको’ अशी पाटी लावून नुसते पार्टनर राहण्याचा प्रयत्न चालतो. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतर या पाट्यांची संख्या वाढली असावी.

नुसते पार्टनर होऊन भागते काय? याचे उत्तरही जबलपूरच्या इतिहासात सापडते. सेठ गोविंददास यांचे १९७४ मध्ये निधन झाले आणि जबलपूरच्या पोटनिवडणुकीत जयप्रकाशांच्या पुढाकाराने सर्व विरोधकांनी मिळून शरद यादव या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला उभे केले. समाजवादी आणि जनसंघवाले एका उमेदवारासाठी दारोदार फिरले. काँग्रेसचा हा गड पडला. पुढे आणीबाणीत हीच मंडळी तुरुंगात एकत्र आली. येथील एका स्थानबद्धाच्या प्रकरणात, ‘एडीएम जबलपूर’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७६ मध्ये अशा कैद्यांसाठी दरवाजा बंद केला. न्या. हंसराज खन्ना तेवढे विरोधात गेले. बहुमतात असलेल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांचा तो निर्णय २०१७ मध्ये त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनीच चुकीचा ठरवला. घरातले मतभेद इतक्या शालीनतेने मांडले गेल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

असो. बराकीत मात्र संभाषणाला वेळच वेळ होता. डाळ पातळ आहे, घरून पत्र आले नाही, दाढीचे पाते बोथट झाले, अशा विषयांवरून एरवी एकमेकांची सावली टाळणारे कार्यकर्ते बोलू लागले. या सहवासाने जनता पक्षाची वाट सोपी केली, हे नाकारता येणार नाही. परंतु १९७९ मध्ये तो पक्ष फुटला, तो जनसंघातून आलेल्यांच्या दुहेरी निष्ठेच्या प्रश्नावर. मधू लिमये यांनी तो लावून धरला. हे लिमये आणि शरद यादव यांनी लोकसभेची मुदत वाढवल्याच्या निषेधार्थ १९७६ मध्ये सदस्यत्वाचे राजीनामे दिले होते. लिमयांनी घर मोडले, असा ठपका त्यांच्यावर बसला. मला तो अन्यायाचा वाटतो. प्रश्न सुरुवातीपासून होता. पार्टनरांनी तो सोयीसाठी मागे ठेवला होता, आणि निघाला तेव्हा तो प्रेमाने विचारण्याची वेळ टळून गेली होती.

बोलणे अजिबातच बंद पडले की काय होते, तेही या शहराने पाहिले आहे. फेब्रुवारी १९६१ मध्ये येथे भीषण जातीय दंगल झाली आणि तिचे लोण आसपासच्या जिल्ह्यांत गेले. फाळणीनंतरची पडझड सावरली, या समजुतीत असलेल्या नेहरूंना तिचा जबर धक्का बसला. त्याच वर्षी दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता संमेलन भरले आणि राष्ट्रीय एकात्मता परिषद जन्माला आली. देशाने संभाषणासाठी निर्माण केलेली ती सरकारी जागा. सप्टेंबर २०१३ मधील बैठकीनंतर ती परिषद भरल्याचे ऐकिवात नाही.

मामा येथील एका आयुध निर्माणीत होते. भारतीय मजदूर संघाच्या छायेतील कामगार महासंघाचे कट्टर कार्यकर्ते. त्यांचे जिवलग मित्र त्याच शॉपमध्ये टर्नर, डाव्या महासंघाचे आणि धर्माने मुसलमान. चाळीस वर्षे दोघांचे डबे एका बाकावर उघडले. फाटकावर एकमेकांच्या नेत्यांविरुद्ध घोषणा द्यायच्या आणि सुट्टी झाली की सायकली एकत्र काढायच्या, असा शिरस्ता. २०१९ च्या निवडणुकीत मात्र मोबाइलवर आलेला कसलासा मजकूर मामांनी पुढे धाडला, पलीकडून उत्तर आले, आणि ग्वारीघाटाकडचे संध्याकाळचे फिरणे थांबले. ‘‘तेव्हापासून घरात टीव्हीचा आवाज वाढला,’’ असे मामी सांगतात. समाजशास्त्राच्या एखाद्या प्रबंधात याहून नेमके वाक्य मिळणे कठीण.

२०२० मध्ये केंद्राने आयुध निर्माणींचे महामंडळात रूपांतर करण्याचे ठरवले. डावा, काँग्रेसी आणि संघविचाराचा, असे तिन्ही महासंघ एका कागदावर सह्या करून संपाला सिद्ध झाले. संप पुढे ढकलला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मंडळ विसर्जित होऊन सात कंपन्या झाल्याच. लढ्याचा हिशेब मांडला तर पदरात फारसे पडले नाही. पण तीन सह्यांची बातमी वाचून मामा कपाटातले जुने ओळखपत्र शोधत बसले आणि संध्याकाळी मित्राच्या दारात जाऊन उभे राहिले. महासाथीचे दिवस; आत जाण्याची सोय नव्हती.

‘‘काय बड्डे, आपली फॅक्टरी चालली म्हणे?’’

‘‘चालली. पण तुझ्या लोकांनी सही केली, हे वाचून बरे वाटले.’’

मोबाइलवरच्या त्या मजकुराचा विषय त्या दिवशी निघाला नाही. पेन्शन, गुडघे, नातवंडांचे ऑनलाइन वर्ग यांतच महिना गेला. मग एके दिवशी घाटावर मामांनी विचारले, ‘‘एकसष्ट साली तुम्ही कुठे होता?’’ मित्र तेव्हा आठ वर्षांचे होते. ते थोडा वेळ गप्प बसले. ‘‘चाळीस वर्षे डबा खाल्लास, आणि हे आज विचारतोस?’’ असे म्हणाले आणि मग अंधार पडेपर्यंत बोलत राहिले. काय बोलले, ते मामांनी मला सांगितले नाही. आपल्याला ते आधीच विचारता आले असते, एवढेच दोनदा म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्वतःहून तो जुना मजकूर काढला आणि तो खोटा होता, हे मित्राला सांगितले. पक्ष त्यांनी बदललेला नाही. मित्रानेही नाही. गेल्या वेळी मी गेलो, तेव्हा कामगार कायद्यांवरून दोघांची अशी जुंपली होती की मामींनी चहा बाहेरच्या बाहेर परत नेला.

१९ एप्रिल २०२४ रोजी जबलपूरला मतदान होते. दोघे एकाच रिक्षाने केंद्रावर गेले आणि दोन वेगळी बटणे दाबून आले, असे दोघेही सांगतात. परतताना मामांनी खोव्याची जिलेबी घेण्यासाठी रिक्षा थांबवली. मित्राला मधुमेह आहे. पाव किलो घ्यावी की अर्धा, यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.