श्रीलंकेतील मुस्लिम समाज : आश्रय आणि निर्वासन

श्रीलंका हा थेरवादी देश म्हणून आपणांस परिचित आहे. तेथील मुस्लिम समाजाचा इतिहास मात्र आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. २०१२ च्या जनगणनेत हा समाज सुमारे ९.७ टक्के होता. अरब व दक्षिण भारतीय व्यापाऱ्यांपासून उद्भवलेल्या या समाजातील बहुसंख्यांची भाषा तमिळ आहे. तथापि ते स्वतःस तमिळ न म्हणविता ‘मूर’ म्हणवितात. हे नाव पोर्तुगीजांनी दिलेले.

त्याच पोर्तुगीजांनी इ.स. १६२६ मध्ये मुस्लिमांना आपल्या प्रदेशातून हाकलले. तेव्हा कँडीचा बौद्ध राजा सेनरत याने त्यांना आश्रय दिला व अनेकांस पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ भागात वसविले. कँडीच्या राज्यात बैलांच्या तांड्यांवरून मालवाहतूक करणे हे मुस्लिमांचे राजमान्य काम होते. काही घराणी राजवैद्यही होती.

मग १९१५ मध्ये काय घडले? गंपोला येथील देवालयाच्या पेराहेरा मिरवणुकीने मशिदीजवळून वाद्ये वाजवीत जावे की नाही, हा वाद न्यायालयात गेला. १८१५ च्या कँडी करारातील बौद्ध धर्मरक्षणाच्या कलमाचा आधार घेऊन जिल्हा न्यायालयाने देवालयाच्या बाजूने निकाल दिला. वरिष्ठ न्यायालयाने फेब्रुवारी १९१५ मध्ये तो फिरविला. मे अखेरीस वेसाकच्या रात्री कँडीत दंगल उसळली. चार हजारांहून अधिक दुकाने लुटली गेली. वाद मिरवणुकीचा होता खरा, परंतु लूट दुकानांची झाली, हे ध्यानात घ्यावे. महायुद्धामुळे भाव चढले होते आणि किरकोळ व्यापार बराचसा भारतातून नव्याने आलेल्या मुस्लिमांच्या हाती होता. ब्रिटिशांनी लष्करी कायदा पुकारून सिंहलांवर अमानुष दडपशाही केली. अनागारिक धर्मपालांचे बंधू एडमंड तुरुंगातच वारले. धर्मपालांच्या लिखाणात मुस्लिम व्यापाऱ्यांविषयी जी जहाल भाषा आढळते, ती त्यांच्या धम्मकार्याविषयीच्या आदरापोटी झाकण्याचे कारण नाही.

दुसरे निर्वासन सिंहलांकडून नव्हे, तर तमिळ वाघांकडून झाले. ऑक्टोबर १९९० मध्ये त्यांनी उत्तर प्रांतातील सुमारे ७५,००० मुस्लिमांना घरे सोडावयास लावली; जाफना शहरात तर अवघ्या दोन तासांची मुदत दिली. भाषा एक असूनही ती उपयोगी पडली नाही. बहुतेक कुटुंबे पुत्तलम भागात छावण्यांत राहिली.

२०२० मध्ये कोविडने मृत झालेल्यांचे दहन शासनाने सक्तीचे केले. दफन हे मुस्लिमांचे धार्मिक कर्तव्य आणि दफनास जागतिक आरोग्य संघटनेची हरकत नव्हती. तरीही ही सक्ती फेब्रुवारी २०२१ पर्यंत चालली. जुलै २०२४ मध्ये शासनाने त्याबद्दल क्षमा मागितली.