मालवणचा हिवाळी मुक्काम : तारीख, तिकीट आणि तिथी

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिककडे पारा एक आकडी होतो, तेव्हा मालवणच्या किनाऱ्यावर दुपारी ३१ ते ३३ अंश तापमान असते. पहाटेही ते सहसा १८ ते २० अंशांच्या खाली जात नाही. समुद्र जमिनीपेक्षा सावकाश थंड होतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण वाऱ्याचे. सह्याद्रीवरून खाली उतरणारा पूर्वेचा वारा उतरताना दाबला जातो आणि तापतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटेपर्यंत ऊन चांगलेच चढते. पावसाळ्यात ढगांच्या पांघरुणामुळे दिवसाचे तापमान तिशीच्या आसपासच राहते, म्हणजे तळकोकणातली डिसेंबरची दुपार जुलैतल्या दुपारपेक्षा गरम असते. त्यामुळे सामानात स्वेटरऐवजी सुती कपडे, टोपी आणि पहाटेसाठी एखादी शाल एवढे पुरते.

तारखा ठरवताना सर्वांत आधी नाताळ ते १ जानेवारी हा आठवडा लक्षात घ्यावा. गोव्यात न मावणारी गर्दी या दिवसांत तारकर्ली-देवबागकडे वळते आणि खोल्यांचे दर चढतात. सवड असेल त्याने डिसेंबरचे पहिले तीन आठवडे किंवा ५ जानेवारीनंतरचा काळ निवडावा; २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी तेवढी टाळावी. हवामान तेच असते आणि किनारा मोकळा मिळतो. डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते, तेव्हा शहरातल्या खोल्या लवकर भरतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्राही साधारण याच मोसमाच्या शेवटी येते. तिची तारीख पंचांगाने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मुंबईहून येणाऱ्या गाड्या चाकरमान्यांनी भरून जातात. जत्रेला जायचे नसेल तर त्या आठवड्यात मालवणचा बेत आखू नये.

शाळेच्या नाताळच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबाला मात्र तारखांची निवड नसते. त्यांनी जागा बदलावी. मालवणच्या उत्तरेला तोंडवळी आणि आचरा, दक्षिणेला कर्ली खाडीपलीकडे भोगवे आणि निवती हे किनारे तितकेच देखणे आहेत आणि तिथे गर्दी कमी असते.

मुंबईकडून येणाऱ्याला कोकण रेल्वे सर्वांत सोयीची. मालवणला स्वतःचे स्टेशन नाही. कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला उतरून एसटीने किंवा रिक्षाने पुढे जावे लागते. कुडाळहून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. म्हणजे २५ डिसेंबरचे तिकीट २६ ऑक्टोबरच्या सकाळी काढायला बसावे लागते, आणि ते दिवस बहुधा दिवाळीच्या धांदलीचे असतात. कोकणकन्या, तुतारी, मांडवी या गाड्यांचे आरक्षण पाहता पाहता संपते. म्हणून ही तारीख आधीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि तिकिटाचे ऑनलाइन खाते आधारशी जोडून घ्यावे. परतीचे तिकीटही ६० दिवसांच्या हिशेबाने वेगळ्या दिवशी खुले होते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रवाशांना फोंडा घाट किंवा आंबोली घाटाने मोटारीने येणे सोपे. विमानाने यायचे तर चिपीचा विमानतळ सर्वांत जवळ, पण तिथली उड्डाणे मोजकी. गोव्यातल्या मोपा विमानतळावर पर्याय अधिक आहेत.

तिकीट आणि खोली यांची तजवीज झाली की बहुतेकांना बेत पूर्ण झाल्यासारखा वाटतो. किनाऱ्यावरचा दिवस मात्र भरती-ओहोटी आखून देते आणि तिचा अंदाज घरबसल्या करता येतो. कोकणातला जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब दोन्ही पक्षांना आणि दिवस-रात्र दोन्हींना लागू. वेळ ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास किंवा थोडी अधिकही मागेपुढे होते, म्हणून नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. बेत आखायला मात्र ठोकताळा पुरेसा आहे.

याचा उपयोग देवबागला सर्वांत जास्त होतो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचे बेट उघडे पडते. पर्यटक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात. भरतीत त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी बाराला येते आणि वाळूवर उभे राहवत नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला ती संध्याकाळी पाचच्या पुढे येते, तेव्हा बेटही मोठे उघडते आणि सूर्यास्तही साधतो. पण हेच दिवस उधाणाचे. ओहोटीला नदीचे आणि समुद्राचे पाणी एकदम बाहेर धावते, त्यामुळे संगमावर पोहायला कधीही उतरू नये. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही.

स्कूबा डायव्हिंगचे गणित याच्या उलट आहे. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भरती भांगाची, म्हणजे लहान असते. प्रवाह मंद, गाळ कमी ढवळलेला, त्यामुळे पाण्याखालचे स्वच्छ दिसण्याचा संभव अधिक. बेट आणि स्कूबा दोन्ही हवे असेल तर मुक्काम शुद्ध किंवा वद्य दशमीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंत ठेवावा. सुरुवातीला स्कूबा, शेवटी बेट.

मालवणजवळचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ हे जिवंत प्राणी. एका पायाच्या दाबाने तुटलेला भाग भरून यायला वर्षे लागतात. त्यामुळे प्रवाळावर उभे राहू देणारा किंवा मासे जमवण्यासाठी पाव टाकणारा व्यावसायिक सरळ नाकारावा. सोबत प्रशिक्षक असल्यास पोहता न येणाऱ्यालाही स्कूबा करता येते, मात्र दमा, हृदयविकार किंवा सर्दीने कान-नाक बंद असताना पाण्याखाली जाऊ नये. स्कूबानंतर किमान १२ ते १८ तास विमानप्रवास टाळायचा असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी सकाळ राखून ठेवावी. दुपारी खारा वारा वाढला की होडी अधिक हलते. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचे काम सुरू केले. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. होडीवाले साधारण तासाभराची वेळ देतात. ती अपुरी आहे. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवरायांचे मंदिर, चारी बाजूंनी खारे पाणी असताना गोड पाणी देणाऱ्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी आणि तटावरची फेरी एवढ्या वेळात उरकत नाही. होडी ठरवतानाच जास्त वेळ मागून घ्यावा.

जेवणाचा बेतही आधी विचारून ठेवावा. घरगुती निवासात मासे सकाळच्या बाजारावर अवलंबून असतात, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी काही घरांत चूल शाकाहारीच असते. त्या दिवशी घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी मागावी. किनाऱ्यावर पहाटे रापणीचे जाळे ओढले जात असेल तर दोरीला हात लावायला पाहुण्यालाही मज्जाव नसतो.

संध्याकाळनंतर काय, हा प्रश्न या मोसमात गावेच सोडवतात. कार्तिकापासून गावोगावी देवळांचे जत्रोत्सव सुरू होतात आणि रात्री दशावतार रंगतो. लिखित संहिता नसलेले हे नाटक पेटी, पखवाज आणि झांजांच्या साथीने पहाटेपर्यंत चालते. आज कुठे जत्रा आहे, हे निवासाच्या मालकाला किंवा रिक्षावाल्याला विचारले की कळते. प्रवेशासाठी तिकीट नसते, खाली बसायला एखादी चटई सोबत न्यावी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याची होडी ठरवलेली नसावी.