हायड्रोजनच्या साठवणुकीत भुकटीला आकार देण्याची कसोटी

ऊर्जेच्या दृष्टीने एक किलो हायड्रोजन सुमारे पावणेतीन किलो पेट्रोलच्या तोडीचा असतो. मात्र, हा वायू अतिशय विरळ असल्याने मोटारींमध्ये तो ७०० बार एवढ्या प्रचंड दाबाखाली, कार्बन तंतूंच्या महागड्या टाक्यांत भरावा लागतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. उत्पादनाची चर्चा भरपूर होते. साठवणुकीची त्या मानाने कमीच.

कमी दाबावर साठवणुकीचा एक मार्ग सच्छिद्र पदार्थांचा आहे. धातू-सेंद्रिय चौकटी, अर्थात ‘एमओएफ’, हे त्यातील ठळक उदाहरण. त्यांच्या विकासासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर यागी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल देण्यात आले. यागी यांच्या चमूने १९९९ मध्ये मांडलेला ‘एमओएफ-५’ जस्ताचे क्षार आणि टेरेफ्थॅलिक आम्ल यांपासून बनतो. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्यांसाठीही हेच आम्ल लागते. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा अंतर्गत पृष्ठभाग ३,००० चौरस मीटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ ३० गुंठे भरतो. उणे १९६ अंश सेल्सिअसला हायड्रोजनचे रेणू या पृष्ठभागाला चिकटून राहतात.

प्रयोगशाळेतील आकडे बहुधा प्रतिग्रॅम दिले जातात. टाकीत मात्र हिशेब प्रतिलिटर असतो. ‘एमओएफ-५’च्या स्फटिकाची घनता प्रतिघनसेंटिमीटर सुमारे ०.६ ग्रॅम असते. हाच पदार्थ सैल भुकटीच्या रूपात ०.१३ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे टाकीचा मोठा भाग कणांमधील पोकळीच व्यापते. शिवाय वायूच्या प्रवाहाबरोबर भुकटी उडते आणि झडपांमध्ये अडकते.

भुकटी दाबून वड्या पाडणे हा सरळ उपाय वाटतो. परंतु दाब वाढला की स्फटिकांची नाजूक चौकट कोसळते आणि ज्या छिद्रांसाठी हा खटाटोप, तीच मिटतात. कण बांधून ठेवण्यासाठी बंधक मिसळल्यास तो छिद्रांची तोंडे बुजवू शकतो, आणि वायू न साठवणारे वजनही वाढते. उष्णतेचा प्रश्न वेगळाच. हायड्रोजन चिकटताना उष्णता बाहेर पडते आणि हे पदार्थ उष्णतेचे मंद वाहक असल्याने टाकी भरण्यास वेळ लागतो. त्यासाठी वड्यांमध्ये थोडे ग्राफाइट मिसळले जाते.

केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी दाब न देता वेगळी वाट धरली. तांब्यावर आधारित ‘एचकेयूएसटी-१’ या चौकटीचा ओला जेल सावकाश वाळवून त्यांनी काचेसारखा घट्ट, अखंड तुकडा मिळवला. आधी मिथेनसाठी आणि पुढे हायड्रोजनसाठीही त्याची चाचणी झाली. अर्थात, एवढ्याने अतिशीत तापमानाची गरज टळत नाही. सामान्य तापमानाला हायड्रोजनची या पृष्ठभागांवरील पकड फारच ढिली असते.