हाडांची एफडी विशीतच!

‘आजी बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं.’ तुमच्याही घरात किंवा शेजारी कधीतरी ऐकलंच असेल. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, हे दुखणं उतारवयातलं. खातं मात्र तुमच्या वयात भरतं. साधारण तिशीपर्यंत हाडांची घनता जमा होते, नंतर हळूहळू खर्चच. मुलींनो, पाळी जाते तेव्हा तर हा खर्च एकदम वाढतो.

हाडांना वजन पेलायला लागतं. निगडीची दुर्गा टेकडी चढा, पीसीएमसी मेट्रो स्टेशनवर सरकता जिना सोडा. पोहणं दमसासाला झकास, हाडांना तेवढं नाही. जिममध्ये ‘सगळे बघतील’ म्हणून डंबेल्सकडे फिरकत नाही? दोन किलोपासून सुरू करा. पुढच्या महिन्यात चार उचलले, की चालण्यातच कॉन्फिडन्स दिसतो. (आणि तिथे प्रत्येक जण आरशात स्वतःलाच बघत असतो!)

उन्हाची गंमत वेगळीच. इंटर्नशिपसाठी चाकणला जाताना कंपनी बसच्या बंद काचेतून येणारं ऊन फक्त घाम काढतं. डी जीवनसत्त्वाला लागणारे किरण काच अडवते. स्कूटरवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे घातले, की तिथेही तेच. मग लंच ब्रेकमध्ये बाह्या वर करून दहा-पंधरा मिनिटं बाहेर बसा.

कॅल्शियम रोज साधारण १००० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. डब्यात नाचणीची भाकरी, तिळाची चटणी न्यायला लाजू नका. कँटीनमध्ये कोल्ड्रिंकऐवजी ताक मागा. स्वस्तही पडतं.