आठ मिनिटांची प्रदक्षिणा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात व्होन-रोमाने नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक द्राक्षमळा लागतो. कडेने बुटकी दगडी भिंत, तिथेच उभा एक दगडी क्रूस, आणि कृपया आत जाऊ नका अशी विनंती करणारी पाटी. हा रोमाने-कोंती. क्षेत्र १.८१ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. रमतगमत चाललात तरी आठेक मिनिटांत प्रदक्षिणा पूर्ण होते.

आता भिंतीपाशी थांबून आत पाहा. वेली कमरेएवढ्या, दोन ओळींत अंतर सुमारे एक मीटर, दोन वेलींतही तेवढंच. या हिशोबाने एका हेक्टरात १० हजार वेली बसतात, आणि सगळ्या ओळी एकापुढे एक मांडल्या तर हेक्टरी १० किलोमीटर भरतात. रोमाने-कोंतीत वेली सुमारे १८ हजार, ओळी १८ किलोमीटर. बाहेरून आठ मिनिटांचा मळा आतून साडेचार तासांचा आहे. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे दाटीचं गणित लगेच कळेल. आपल्याकडे एकरी आठशे ते हजार वेली असतात, इथे चार हजार. आणि एवढ्या वेलींतून वर्षाला निघतात पाच-सहा हजार बाटल्या. तीन वेलींमागे एक बाटली.

या मळ्याची १९४५ सालची एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने चार कोटी रुपयांच्या वर. १९४५ च्या वाइनच्या बाटल्या भरल्या होत्या फक्त ६००. किमतीचा हा आकडा बातम्यांत खूप मिरवला. मला त्याहून १८ किलोमीटर ओळींचा आकडा मोठा वाटतो, कारण त्यातल्या प्रत्येक मीटरवर वर्षातून अनेकदा माणूस वाकतो. हिवाळ्यात छाटणी, मग काड्या वाकवून तारेला बांधणं, जादा फुटवे काढणं, वाढत्या फांद्या तारांत अडकवणं आणि शेवटी तोडणी. ही बहुतेक कामं आजही हाताने होतात. इथल्या काही ओळींत नांगरटीला अजून घोडे लावतात.

बर्गंडीत द्राक्षजमिनीचं एक जुनं माप अजून चलनात आहे, उव्रे. एक माणूस कुदळ घेऊन एका दिवसात जेवढी जमीन करू शकतो तेवढी एक उव्रे, म्हणजे सव्वाचार गुंठ्यांच्या आसपास. रोमाने-कोंती ४२ उव्रे भरतो, म्हणजे एका माणसाचे ४२ दिवस. माणसाच्या पायांनी आणि पाठीने मोजलेली ही भूमी आहे. मोटारीतून गेलात तर ती तासाभरात मागे पडते आणि हाती काही लागत नाही. चालत गेलं तरच तिचे आकडे उलगडतात.

बोन गावातून दक्षिणेला निघा. पोमार, व्होलने, मेर्सो, पुलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे आणि मग सांतने. अंतर वीस-बावीस किलोमीटर, चढ-उतार अगदी सौम्य, वाट मळ्यांमधून. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला याला ट्रेक म्हणवणार नाही. पण या वाटेवर दर काही मिनिटांनी नाव बदलतं. दिजोंपासून सांतनेच्या पलीकडपर्यंत पसरलेल्या या उताराचे १,२४७ तुकडे केलेले आहेत. त्यांना क्लिमा म्हणतात. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःच्या हद्दी, स्वतःची माती. २०१५ मध्ये युनेस्कोने या सगळ्याला जागतिक वारसा ठरवलं. खाली जुरासिक काळातला, सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीचा चुनखडक आहे. काही थरांत समुद्री कालवांच्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. तो खडक किती खोल आहे, त्यावर माती किती, उतार कुठे वळतो, यावर एका बांधाच्या अल्याडची वाइन पल्याडच्या वाइनपेक्षा वेगळी निघते.

एकच मळा पाहू, क्लो द व्हूजो. सितोच्या मठातल्या साधूंनी मध्ययुगात तो उभा केला आणि भोवती भिंत घातली. क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, मालक एकच मठ. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. पुढे नेपोलियनच्या काळातल्या कायद्याने सगळ्या वारसांना समान वाटा मिळाला. वाटण्या होत गेल्या. आज त्याच भिंतीच्या आत ८० च्या आसपास मालक आहेत, सरासरी माणशी दीड एकर. सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची रांग पाहिलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही.

नवल आहे ते मळे संपल्यावर. टेकड्यांवरून खाली गव्हाच्या आणि मोहरीवर्गीय पिकाच्या सपाट प्रदेशात उतरलात की हिशोब उलटा होतो. फ्रान्समध्ये १९७० साली सुमारे १५ लाख ९० हजार शेतकरी कुटुंबांची शेती होती. २०२० च्या कृषिगणनेत ती ३ लाख ९० हजारांवर आली. पन्नास वर्षं, रोज, सरासरी पासष्ट शेतं दुसऱ्या कोणाच्या तरी शेतात मिसळून गेली. त्या गणनेत तिथली सरासरी जमीनधारणा ६९ हेक्टर होती, १७० एकर. महाराष्ट्रात २०१५-१६ च्या गणनेनुसार ती १.३४ हेक्टर होती. पन्नासपट फरक.

या मोठेपणाची किंमत चालणाऱ्याला डोक्यावरच्या उन्हात कळते. फ्रेंच शेतांना पूर्वी झाडाझुडपांची जिवंत कुंपणं असत, आपल्या कोकणातल्या वईसारखी. त्यांत पाखरं घरटी करत, माती धरून राहत असे, वाटसरूला सावली मिळे. तुकडेजोड झाली, मोठी यंत्रं आली, आणि कुंपणं आडवी होऊ लागली. १९५० पासून त्यांपैकी सुमारे ७० टक्के गेली. २०२३ च्या एका सरकारी अहवालाने दाखवून दिलं की २०१७ ते २०२१ या काळात दर वर्षी २३,५०० किलोमीटर कुंपण नाहीसं होत होतं. दिवसाला चौसष्ट किलोमीटर. धडधाकट माणूस दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतो. तो जेवढं चालतो त्याच्या अडीच-तीनपट कुंपण त्याच दिवशी मोडलं जात होतं. २०३० पर्यंत ५० हजार किलोमीटर कुंपणांची निव्वळ भर घालण्याचं सरकारचं उद्दिष्ट आहे. ते पुरं व्हावं असं मनापासून वाटतं.

वाटांची गोष्ट मात्र उमेद देणारी आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये, म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच महिन्यात, ल्वार नदीकाठी ओर्लेआं ते बोजांसी अशी २८ किलोमीटरची पहिली खुणांकित दीर्घ पायवाट सुरू झाली. वर पांढरा पट्टा, खाली लाल. फुली दिसली तर वाट चुकलात. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात जाँ ल्वाझो आणि त्यांच्या सोबत्यांनी हे काम उभं केलं. आज देशभरातल्या खुणांकित पायवाटा भरतात सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर. विषुववृत्ताभोवती साडेचार फेऱ्या. रोज वीस किलोमीटर, एकही सुट्टी न घेता चाललात तर जवळपास पंचवीस वर्षं लागतील. या खुणा रंगवतात आणि राखतात आठ हजारांहून जास्त स्वयंसेवक. माणशी वीस-बावीस किलोमीटर, हातात ब्रश आणि रंगाचा डबा, बिनपगारी. या लेखातला मला सर्वांत आवडणारा आकडा हाच.

संपूर्ण फ्रान्समध्ये द्राक्षाखाली सुमारे ७ लाख ९० हजार हेक्टर जमीन आहे. सगळीकडे बर्गंडीसारखी दाटी नाही. ओळींत अडीच मीटर अंतर धरलं तरी ओळींची लांबी ३१ लाख किलोमीटरच्या वर जाते. चंद्राच्या अंतराच्या आठपट. हेक्टरी चार हजार वेली धरल्या तर ३०० कोटींहून अधिक वेली, प्रत्येक भारतीयामागे दोन. आणि यांतल्या जवळजवळ सगळ्या अमेरिकी मुळांवर उभ्या आहेत. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मिलिमीटरभर कीड आली आणि मुळं पोखरत गेली. १८७५ मध्ये ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती, १८८९ मध्ये २३४ कोटी. अमेरिकी खुंटावर फ्रेंच डोळा बांधला, तेव्हा द्राक्ष वाचलं. आपला द्राक्षबागायतदार क्षार आणि दुष्काळासाठी डॉगरिजचा खुंट लावतो, तोही अमेरिकेतलाच. रोमाने-कोंतीने कलमाशिवाय १९४५ पर्यंत तग धरला. त्या ६०० बाटल्या शेवटच्या जुन्या मुळांच्या होत्या. मग वेली उपटल्या, १९४७ मध्ये कलमं लावली, आणि पुढची वाइन थेट १९५२ ची निघाली.

सर्वांत लांब आकडा बोन गावाने सांभाळला आहे. तिथल्या द्राक्षतोडणीच्या तारखा १३५४ पासून मिळतात. दख्खनमध्ये बहामनी राज्य स्थापन होऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. संशोधकांनी २०१८ पर्यंतच्या ६६४ वर्षांच्या तारखा जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १३५४ ते १९८७ या काळात तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होत असे. १९८८ नंतर ती तेरा दिवस अलीकडे आली आहे, आणि फार तापलेल्या वर्षी ऑगस्टमध्येच सुरू होते.

म्हणून घडांनी लगडलेले मळे पाहायचे असतील तर जुन्या पुस्तकांवर विसंबून सप्टेंबरअखेरचं तिकीट काढू नका. ऑगस्टच्या उत्तरार्धात बोनला पोहोचा, पाणी भरपूर घ्या, सांतनेची वाट धरा, आणि ओळींच्या बाहेरून चाला.