लष्करातील दंतवैद्य : दाढ वाचविणे हाही सज्जतेचा भाग
प्रतिनिधी, अमरावती

सियाचीनसारख्या ठिकाणी जवानाची दाढ ठणकू लागली आणि हवामान बिघडलेले असले, तर हेलिकॉप्टर पोचेपर्यंत कळ सोसण्यावाचून गत्यंतर नसते. शहरात किरकोळ वाटणारे दुखणे तेथे चौकीवरील एक माणूस कमी करते. त्यामुळे रूट कॅनॉल उपचारातील तज्ज्ञाला लष्करात वेगळेच महत्त्व आहे.

दाताच्या आतील मज्जा सुजली असेल किंवा भरलेल्या दातात हवेची पोकळी राहिली असेल, तर उंचावर बाहेरचा दाब घटताच तीव्र वेदना होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांमधील हा त्रास ठळकपणे समोर आला. पाणबुड्यांनाही तो जाणवतो. उपचारात खराब मज्जा काढून मुळातील नलिका जंतुनाशकाने धुतात व गटापर्चाने घट्ट बंद करतात. नागरी दवाखान्यात रुग्ण पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो; जवानाची मात्र तोवर बदली झालेली असू शकते. म्हणून तैनातीपूर्वीच काम पूर्ण करावे लागते.

४ फेब्रुवारी १९४१ रोजी स्थापन झालेला आर्मी डेंटल कोअर ही जबाबदारी सांभाळतो. बीडीएस वा एमडीएस उमेदवारांना अल्प सेवा कमिशनद्वारे कॅप्टन म्हणून प्रवेश मिळतो. अलीकडच्या जाहिरातींनुसार बीडीएसच्या अंतिम वर्षात किमान ५५ टक्के गुण, एक वर्षाची इंटर्नशिप, दंत परिषदेची नोंदणी आणि नीट-एमडीएसचे गुण आवश्यक असतात. त्यानंतर मुलाखत व वैद्यकीय तपासणी होते. रूट कॅनॉलमध्ये प्रावीण्यासाठी तीन वर्षांचे एमडीएस करावे लागते.

अकोला-अमरावतीच्या विद्यार्थ्यांसाठी या वाटेची सुरुवात घराजवळच होऊ शकते. अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे, तर नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुलींसाठीही चित्र बदलले आहे. ३० पैकी केवळ ३ जागा महिलांना ठेवल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर, यापुढील भरती स्त्री-पुरुष भेदाविना होईल, असे केंद्राने २०२३ मध्ये सांगितले.

मात्र निर्णय विचारपूर्वकच घ्यावा लागतो. अल्प सेवा प्रथम ५ वर्षांची असून ती १४ वर्षांपर्यंत वाढू शकते. कायम कमिशन निवडीनेच मिळते. ते न मिळाल्यास निवृत्तिवेतनाविना परतून, ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर गावात नव्याने दवाखाना थाटावा लागतो. ही तयारी असेल, त्यानेच या वाटेला जावे.