हिरवं जहाज: गणित टाकीपाशी अडतं

मागच्या भागानंतर एका श्रोत्यांचा निरोप आला. त्यांची मुलगी नेव्हल आर्किटेक्चर म्हणजे जहाजरचना शिकते. तिच्या गटाला स्पर्धेसाठी पर्यावरणपूरक मालवाहू जहाज डिझाइन करायचंय. वडील विचारतात, ‘शिडं लावायची, वर सोलर पॅनल टाकायचे, झालं! यात एवढे जण इतके महिने करतात काय?’ प्रश्न मला आवडला, म्हणून आज तोच विषय.

अशा स्पर्धांमधली एक नावाजलेली म्हणजे अमेरिकेतली लिस्निक स्पर्धा. तिथे छान चित्र काढून भागत नाही. जहाजाचा आकार, वजन, तोल, इंजिन, खर्च असा सगळा हिशेब मांडलेला अहवाल द्यावा लागतो. आणि हे सगळं एकमेकांत अडकलेलं असतं. टाकी वाढवली की वजन वाढतं, वजन वाढलं की जहाज खोल बसतं, मग इंजिन मोठं लागतं, आणि मोठ्या इंजिनाला पुन्हा मोठी टाकी! गोल गोल फिरत हळूहळू उत्तराकडे जायचं, म्हणून याला ‘डिझाइन स्पायरल’ म्हणतात.

सोलरचं आधी उरकून टाकू. दोनशे मीटर लांब, तीस मीटर रुंद डेक अख्खा पॅनलने झाकला (झाकता येत नाहीच, खाली होल्डची झाकणं असतात), तरी दिवसरात्रीची सरासरी पडते साधारण २०० किलोवॉट. आणि इंजिन असतं आठ-दहा हजार किलोवॉटचं.

आता खरी अडचण. समजा, ८० हजार टनांचं बल्कर आहे, म्हणजे धान्य-कोळसा नेणारं जहाज. १४ नॉट वेगाने ते दिवसाला ३० टन तेल जाळतं आणि प्रवास २० दिवसांचा आहे. म्हणजे ६०० टन तेल. आकडे ढोबळ आहेत, पण कल्पना येईल. तेवढ्याच ऊर्जेसाठी मिथेनॉल घेतलं तर जागा अडीच पट लागते. अमोनियाला तिप्पट, तीही उणे ३३ अंशांवर थंड ठेवून, आणि गळाला तर विषारी. द्रव हायड्रोजनला साडेचार पट, उणे २५३ अंशांवर! बॅटरी म्हणाल तर तिचंच वजन वीस हजार टनांच्या वर जातं, म्हणजे पाव जहाज बॅटरीनेच भरलं. नॉर्वेचं ‘यारा बिर्कलंड’ बॅटरीवर चालतं हे खरं, पण ते १२० कंटेनरचं जहाज आहे आणि किनाऱ्याकिनाऱ्याने जवळच जातं.

आणि जहाज किती हिरवं हे मोजतात एक टन माल एक सागरी मैल नेताना किती कार्बन सुटला यावरून. टाकीने मालाची जागा खाल्ली की हा आकडाही बिघडतो.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे वेग कमी करणं. जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. १४ऐवजी १२ नॉटने गेलो तर रोजचं तेल ३० टनांवरून १९वर येतं. प्रवास सव्वातीन दिवसांनी लांबतो, तरी एकूण तेल ६०० ऐवजी साधारण ४४० टन. फुकट नाही हं! तेवढाच माल पोचवायला सहाच्या जागी सात जहाजं लागतात, आणि सातव्याचं लोखंड आणि पैसा हिशेबात धरावाच लागतो.

शिडांचा नंबर इथे लागतो. ‘पिक्सिस ओशन’ या बल्करवर २०२३ साली ३७.५ मीटर उंचीची दोन पोलादी-फायबरची पंखशिडं बसवली. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचल्याचं जाहीर झालं. ३० टनांत ३ टन म्हणजे दहावा हिस्सा, पण १९ टनांत तेच ३ टन सहाव्या हिश्श्याजवळ जातात. आता सगळं एकत्र करा: वेग कमी, वर शिडं, आणि प्रवासाला लागतं ३७० टन तेल. तेवढ्याच ऊर्जेच्या मिथेनॉलला मूळच्या तेलटाकीच्या दीडपटच जागा पुरते. अडीच पट अशक्य वाटत होती, दीडपट बसवता येते! अर्थात शिडं बंदरातल्या क्रेनच्या आड येतात, म्हणून ती आडवी पाडता यायला हवीत. त्यांच्या वजनाने तोल बदलतो, की स्पायरलचा आणखी एक फेरा.

हे सगळं कागदावरचं वाटतंय? जहाज २५-३० वर्षं चालतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३मध्ये ठरवलंय की २०५०च्या सुमारास जहाजवाहतुकीचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. आज या मुलामुलींच्या वहीत असलेलं जहाज उद्या बांधलं, तर तेव्हाही ते पाण्यावरच असेल.

मिथेनॉलवरचं कंटेनर जहाज ‘लॉरा मर्स्क’ २०२३पासून धावतंय. पण मिथेनॉल कोळशापासूनही बनतं. तसं बनवलं तर धूर समुद्रावरून फक्त कारखान्यात जातो. स्वच्छ मिथेनॉल कशापासून आणि किती महाग, हे पुढच्या भागात.